‘ओसरलेला पूर’: एका मुखपृष्ठाच्या प्रकल्प नोंदी

२ नोव्हेंबर

ताईचा कथासंग्रह ई-पुस्तक म्हणून निघतोय आणि मुखपृष्ठ माझ्या गळ्यात पडले आहे. “तू दिवसभर संगणकावरच असतेस, तुला काय अवघड?” संगणकावर मी दिवसभर हिशेबाचे तक्ते भरते, हे तिला सांगून उपयोग नव्हता.

हाताशी काय आहे: ताईनेच मोबाइलवर काढलेला नदीकाठचा एक उभा फोटो, ३००० बाय ४००० पिक्सेल. वर फिकट आभाळ, मध्ये गढूळ पाणी, खाली चिखलाचा काठ. मुखपृष्ठ १६०० बाय २५६० हवे. दोन्ही बाजूंनी २५०-२५० पिक्सेल कापले की २५०० बाय ४००० उरतात, आणि ते नेमके त्याच प्रमाणात आहेत. एवढा एक हिशेब मला पहिल्या फटक्यात जमला. सॉफ्टवेअर गिंप ३.०, कारण ते फुकट आहे आणि मराठी अक्षरे तोडत नाही.

फोटो कापला, शीर्षक टाकले, खाली ताईचे नाव टाकले, जेपीजी करून तिला पाठवले. दीड तासात काम संपले असे वाटून झोपले.

३ नोव्हेंबर

काम संपलेले नाही. सकाळी ताईचा फोन: “‘ओसरता पूर’ नको गं, ‘ओसरलेला पूर’ कर. फक्त दोन अक्षरं बदलायची आहेत.”

फाइल उघडली तर अक्षरे फोटोत मुरलेली. खोडायला गेले की मागचे आभाळ जाते. काल बंद करताना ‘बदल जतन करायचे का’ असे विचारले होते, मी ‘नको’ म्हटले. जेपीजी तर झालीच आहे, आणखी काय जतन करायचे, असा माझा समज. जेपीजीमध्ये लेयर, म्हणजे एकावर एक ठेवलेले सुटे थर, राहतच नाहीत, सगळे एका पातळीवर दाबले जाते. गिंपची स्वतःची एक्ससीएफ फाइल ठेवली असती तर ही दोन अक्षरे दोन मिनिटांत बदलली असती.

सगळे पहिल्यापासून. या वेळी एक्ससीएफ आधी, बाकी नंतर.

संध्याकाळी लेयर म्हणजे नक्की काय, हे जरा वाचले. कल्पना संगणकाच्या आधीची आहे. १९१४ मध्ये अर्ल हर्ड याने चलत्चित्रासाठी पारदर्शक सेल्युलॉइडचे ताव वापरण्याच्या पद्धतीचे पेटंट मागितले: मागचे दृश्य एकदाच रंगवायचे, पात्र वेगळ्या तावावर काढून त्यावर ठेवायचे, म्हणजे हात हलला म्हणून डोंगर पुन्हा रंगवावा लागत नाही. फोटोशॉप १९९० मध्ये आले तेव्हा त्यातही लेयर नव्हते. ते १९९४ मध्ये, तिसऱ्या आवृत्तीत आले, आणि टाकलेला मजकूर नंतर पुन्हा टंकून बदलता येण्याची सोय १९९८ च्या पाचव्या आवृत्तीत. म्हणजे काल रात्री मी जे करून बसले, ते त्या काळी सगळ्यांना रोजच करावे लागे. थोडे बरे वाटले.

५ नोव्हेंबर

लेयरला नावे द्यायला लागले. ‘प्रत’, ‘प्रत २’, ‘प्रत २ ची प्रत’ अशी रांग पाहून कालचे आज कळेना. आता ‘फोटो’, ‘ओसरलेला’, ‘पूर’, ‘लेखिका’.

अख्ख्या चित्राएवढा एक लेयर म्हणजे सुमारे ४१ लाख पिक्सेल. प्रत्येकाला लाल, हिरवा, निळा आणि अल्फा असे चार बाइट, म्हणजे मेमरीत १६ एमबीच्या आसपास. अल्फा म्हणजे तो पिक्सेल किती झाकतो त्याचा आकडा. माझा जुना लॅपटॉप आठ-दहा लेयर सहज पेलतो. उगाच काटकसर करून लेयर एकत्र दाबायची गरज नाही.

६ नोव्हेंबर

शीर्षकाचा दिवस.

आधी ताईच्या जुन्या फाइलमधून तिच्या नावाची ओळ डकवली, तर रोमन अक्षरे आणि चिन्हांचा कचरा उमटला. मजकूर युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टंकलेला होता. मुकाट्याने हाताने टंकली.

मग ‘ल’. शीर्षकात दोन ‘ल’ शेजारी शेजारी आहेत आणि दोन्ही दंडाचे, हिंदी छापाईत असतात तसे उमटले. मला पाकळीचा ल हवा होता. फॉन्टच चुकीचा निवडला असे समजून अर्धा तास नवे फॉन्ट उतरवत बसले. खरे कारण टेक्स्ट टूलच्या पर्यायांत तळाशी होते: ‘भाषा’. लिपी देवनागरी असली तरी भाषा मराठी आहे हे त्याला वेगळे सांगावे लागते. सांगितल्याबरोबर दोन्ही ल पाकळीचे झाले. अर्थात फॉन्टमध्ये ती रूपे असावी लागतात, सगळ्यांत नसतात.

शिकवणाऱ्या बहुतेक व्हिडिओंत शीर्षकाची पहिली युक्ती एकच: अक्षरांमधले अंतर वाढवा, भारदस्त दिसते. वाढवले. शिरोरेघ तुटली. ‘ओ स र ले ला’ असे पाच जण हात सोडून उभे. रोमन अक्षरे मुळातच सुटी असतात, त्यांना हे शोभते. आपली एका दोरीला लटकलेली असतात. अंतर पुन्हा शून्यावर आणले. भारदस्तपणा आकारातून आणायचा: ‘ओसरलेला’ लहान, एका ओळीत, आणि त्याखाली ‘पूर’ जवळजवळ चित्राच्या रुंदीएवढा.

९ नोव्हेंबर

आजची पूर्ण दुपार कडेत गेली.

पांढुरकी अक्षरे फिकट आभाळावर विरतात, म्हणून त्यांना गडद कड द्यायची होती. गिंप ३.० च्या टेक्स्ट टूलमध्येच त्याची सोय आहे: भरलेले, नुसती कड, किंवा कड आणि भरण दोन्ही. तिसरा पर्याय घेतला, जाडी १२. दोन गोष्टी बिघडल्या.

पहिली: कड अक्षराच्या सीमारेषेच्या मधोमध बसते, निम्मी बाहेर आणि निम्मी आत. आतली निम्मी अक्षराचे अंग खाते. ‘र’ची शेपटी आधीच नाजूक, ती जवळजवळ काळीच झाली.

दुसरी जास्त मजेशीर. ‘ओसरलेला’च्या शिरोरेघेवर जिथे एक अक्षर संपून दुसरे सुरू होते, तिथे बारीक उभ्या काळ्या रेघा. फॉन्ट खराब आहे म्हणून दुसरा लावला, तिथेही तेच. मग मोठे करून पाहिले तेव्हा उलगडा झाला. प्रत्येक अक्षर शिरोरेघेचा आपापला तुकडा घेऊन येते आणि तो शेजारच्या तुकड्यावर किंचित चढतो. एका रंगात भरले की सांधा दिसत नाही. कड मात्र प्रत्येक तुकड्याभोवती स्वतंत्र फिरते, आणि सांधा उघडा पडतो. एरवी अखंड वाटणारी रेघ आतून जोडकाम आहे, हे इतकी वर्षे मराठी वाचून मला आज कळले.

उपाय सावलीच्या फिल्टरमध्ये सापडला. ड्रॉप शॅडो अक्षराच्या रेषा पाहत नाही, तयार आकृतीचा अल्फा पाहते, आणि त्यात सांधे आधीच मिटलेले असतात. तिचे आडवे-उभे सरकणे शून्य, धूसरपणा शून्य, आणि आकार वाढवण्याची त्रिज्या ८ ठेवली. म्हणजे ती सावली राहिलीच नाही, अक्षरामागे सगळीकडून ८ पिक्सेल डोकावणारी गडद आकृती झाली, म्हणजेच कड. अंगाला धक्का नाही, सांधे नाहीत.

आणि ३.० मध्ये असे फिल्टर लेयरवर कायमचे थापले जात नाहीत. लेयरच्या ओळीत एफएक्स असे चिन्ह येते, त्यावर टिचकी दिली की लावलेल्या फिल्टरची यादी दिसते, प्रत्येकाला दाखवा-लपवायचा आपला डोळा. बंद करा, आकडे बदला, क्रम बदला. मजकूर टंकून बदलला तरी कड मागोमाग येते. तपासायला मुद्दाम ‘ओसरता’ करून पाहिले. आली. पुन्हा ‘ओसरलेला’.

१० नोव्हेंबर

आज सगळे इफेक्ट लावून पाहिले. उठाव, आतली चमक, बाहेरची चमक, सोनेरी ग्रेडियंट. शीर्षक एखाद्या लॉटरीच्या जाहिरातीतून उचलल्यासारखे दिसले. सगळ्यांचे डोळे बंद करून संगणकही बंद केला.

१२ नोव्हेंबर

कल्पना सुचली: ‘पूर’ हा शब्द पाण्यात अर्धा बुडालेला दाखवायचा.

आधी सरळ विचार केला: अक्षरांच्या लेयरला मास्क लावायचा. मास्क म्हणजे लेयरला जोडलेले काळे-पांढरे चित्र. पांढरे तिथे लेयर दिसतो, काळे तिथे लपतो, करडे तिथे अर्धवट. खोडरबर आणि मास्क यांत फरक एवढाच की खोडलेले जाते आणि झाकलेले राहते. मास्कवर पाण्याच्या रेषेखाली काळा रंग फासला. अक्षरे खालून कापल्यासारखी दिसली, बुडाल्यासारखी नाहीत. पाण्यात बुडलेली वस्तू नाहीशी होत नाही, पाण्यातून अंधूक दिसते.

मग उलटा विचार केला. अक्षरांना हात लावायचाच नाही, त्यांच्यावर पाणी घालायचे. ‘फोटो’ लेयरची प्रत काढली, ती ‘पूर’च्या वर नेली, तिला काळा मास्क दिला आणि त्यावर फक्त पाण्याचा भाग पांढऱ्याने रंगवला. आता खाली फोटो, मध्ये अक्षरे, वर त्याच फोटोतले पाणी. या ‘पाणी’ लेयरची ओपॅसिटी, म्हणजे झाकण्याचे प्रमाण, ६० टक्के. लाटेच्या कडेला मास्क मऊ ब्रशने, खोलात ठळक. पंधरा मिनिटांत ‘पूर’ नदीत उभा राहिला. खुर्चीतून उठून दोन पावले मागे जाऊन पाहिले. शप्पथ, छान दिसत होते.

१३ नोव्हेंबर

हिशेबाची खोड जात नाही. पाण्याचा रंग पिपेटने, म्हणजे रंग उचलायच्या साधनाने, मोजला: लाल १२०, हिरवा १००, निळा ७०. त्याखाली शुद्ध पांढरे अक्षर असेल आणि पाणी ६० टक्के असेल, तर लालचे उत्तर १२० चे ६० टक्के अधिक २५५ चे ४० टक्के, म्हणजे ७२ अधिक १०२, एकूण १७४. एकावर एक ताव ठेवण्याचे हे गणित पोर्टर आणि डफ या संगणकचित्रांच्या अभ्यासकांनी १९८४ मध्ये नीट मांडले, आणि आजही सगळी सॉफ्टवेअर त्यावर चालतात.

चाचणीसाठी पांढरा चौकोन ठेवून मोजले. १७४ नाही, १९० आले.

चूक माझीच असणार असे धरून तीनदा मोजले. चूक नव्हती. पडद्यासाठीचे ० ते २५५ हे आकडे प्रकाशाच्या प्रमाणात नसतात. डोळ्याला अंधारातले फरक जास्त कळतात, म्हणून आकडे गडद बाजूला दाटीने वाटलेले असतात. वरचा लेयर खालच्यात कसा मिसळायचा ते ब्लेंड मोड ठरवतो. गिंपचा आताचा नॉर्मल मोड मिसळण्याआधी ते आकडे खऱ्या प्रकाशाच्या प्रमाणात आणतो, मिसळतो, आणि मग परत नेतो. त्या वाटेने १२० हा पांढऱ्याच्या जेमतेम १९ टक्के प्रकाश ठरतो. ६०-४० मिसळले की ५१ टक्के, आणि ५१ टक्क्यांचा पडद्यावरचा आकडा १९०. ब्लेंड मोडच्या यादीशेजारी जुन्या गटाकडे वळण्याचे बटण आहे. तो गट घेतला की १७४ च येतात.

व्यवहारात याचा अर्थ असा की एका सॉफ्टवेअरमध्ये शिकलेला ‘६० टक्के’ दुसऱ्यात ६० टक्के दिसेलच असे नाही. व्हिडिओतले आकडे कॉपी करून माझे चित्र वेगळे का येते, हे कोडे सुटले.

१४ नोव्हेंबर

ताईला पाठवले. उत्तर आले: “छान आहे गं. पण ‘पर’ म्हणजे काय?”

पाहिले. खरेच. दीर्घ ऊकार पाण्यात गेला होता. मला ‘पूर’ ठाऊक असल्यामुळे मी ‘पूर’ वाचत होते.

यावर बराच वेळ घालवला. रोमन अक्षरांचा खालचा अर्धा भाग झाकला तरी शब्द बहुधा वाचता येतो, ओळख बरीचशी वरच्या भागात असते. देवनागरीचे वरचे टोक म्हणजे शिरोरेघ, आणि ती सगळ्यांना सारखीच. कोण प, कोण ष, कोण य हे रेघेच्या खाली ठरते, आणि उकार तर अगदी तळाला. म्हणजे खालून बुडवण्याचा इफेक्ट आपल्या लिपीत नेमका चुकीच्या जागी घाव घालतो. ‘पाणी’ची ओपॅसिटी ४५ वर आणली, ऊकार दिसला, पण मग पाणी पाण्यासारखे राहिले नाही. शब्द वर सरकवला तर फक्त ऊकार ओला झाला आणि शब्द पाय धुवायला आल्यासारखा वाटला.

रात्री ताईचा पुन्हा निरोप: “आणि एक सांगू का? पूर ओसरलाय ना? मग अक्षरं अजून पाण्यात कशी?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. तीन दिवस मी शीर्षकातला एकच शब्द वाचत होते.

१६ नोव्हेंबर

पूर ओसरल्यावर भिंतीवर काय राहते? चिखलाची रेघ. पाणी जिथपर्यंत चढले होते तिथपर्यंत डाग, आणि वरच्या काठाला थोडी गडद किनार. तेच अक्षरांवर हवे.

‘पाणी’चा डोळा बंद केला. मूळ फोटोतच खाली चिखलाचा काठ आहे. तो निवडून, ताणून ‘चिखल’ नावाचा लेयर केला. त्याच फोटोतला असल्यामुळे रंग आपोआप जुळला. ब्लेंड मोड मल्टिप्लाय: खालच्या आणि वरच्या रंगाचा गुणाकार, पांढऱ्याशी गुणले तर रंग तोच राहतो, काळ्याशी गुणले तर काळा. पांढुरक्या अक्षरावर चिखल जसाच्या तसा उमटतो आणि अक्षराची कड शाबूत राहते. ऊकार मळतो, पण बुडत नाही.

अडचण एकच आली. चिखल अक्षरांबरोबर आभाळावरही बसला. त्याला अक्षरांपुरते ठेवायला ‘ओसरलेला’, ‘पूर’ आणि ‘चिखल’ हे तीन लेयर एका गटात घातले. गटात मल्टिप्लाय आपल्या खाली जिथे काही आहे तिथेच उमटतो, आणि गटात खाली फक्त अक्षरे आहेत. आभाळ स्वच्छ. मध्येच चुकून गटाचा मोड पास थ्रू झाला, तेव्हा चिखल पुन्हा सगळीकडे पसरला. तो मोड म्हणजे गटाची भिंत पाडणे. नॉर्मलवर आणले, भिंत परत उभी.

अक्षरांमागची गडद कड गटातच आहे, म्हणून तीही थोडी मळली. बरेच झाले.

१७ नोव्हेंबर

डागाची वरची रेषा सरळ काढली होती, ती फूटपट्टीने मारल्यासारखी दिसली. मास्कवर हाताने, माउस थरथरेल तशी काढली. कडेला एक वेगळा लेयर, ‘किनार’, तोही मल्टिप्लाय, ३० टक्के. रेघ ‘ओसरलेला’च्या मध्यातून जाते आणि ‘पूर’ पूर्ण तिच्याखाली. म्हणजे मोठा शब्द अख्खा पुरात होता आणि लहान शब्द अर्धा. हे ठरवून केले नव्हते, जमून आले.

१८ नोव्हेंबर

मळल्यावर ‘पूर’ मागच्या पाण्यात मिसळायला लागला. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातला फरक मोजण्याची एक रूढ पद्धत आहे. वेबसाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांत मोठ्या अक्षरांना निदान ३:१ आणि बाकीच्यांना ४.५:१ मागतात. माझा ‘पूर’ २.४ निघाला. ‘चिखल’ची ओपॅसिटी ८५ वरून ६० केली, आणि फोटोवर फक्त त्या शब्दामागे एक गडद, खूप धूसर लेयर घातला. ३.६. चालेल.

मग चित्र १०० बाय १६० एवढे लहान करून पाहिले, कारण यादीत ते तेवढेच दिसणार. ‘पूर’ वाचता येतो. ‘ओसरलेला’ कष्टाने. किनार दिसतच नाही. जिच्यावर काल संध्याकाळ घालवली, ती किनार.

२० नोव्हेंबर

निर्यात. ताईचे नाव तिच्या हट्टाने लाल आहे. जेपीजीमध्ये त्याच्या कडा खरबरीत आणि पसरट आल्या, बाकी सगळे ठीक. जेपीजी उजेड प्रत्येक पिक्सेलचा ठेवते, पण रंग वाचवताना हात आखडते. ४:२:० या पर्यायात २ बाय २ च्या चार पिक्सेलना मिळून रंगाचा एकच नमुना असतो. गडद पाण्यावरच्या लाल अक्षरांना तेच बाधते. निर्यातीच्या चौकटीत ४:४:४, म्हणजे प्रत्येक पिक्सेलला रंगाचा स्वतःचा नमुना, निवडले, गुणवत्ता ९२. कडा सुधारल्या, फाइल थोडी वाढली.

२१ नोव्हेंबर

ताईने मंजूर केले. तिला विचारले, नीट वाचता येते ना? म्हणाली, “‘पूर’च आहे. ऊकारासकट.”

एक्ससीएफ दोन जागी जतन केली. आत आठ लेयर आहेत, वरून खाली: लेखिका, पाणी, किनार, चिखल, ओसरलेला, पूर, अंधार, फोटो. ‘पाणी’चा डोळा बंद आहे. त्याच्यामुळे फाइल थोडी जड होते. राहू दे.